एक्सरेकाकांची घार

घरात बोलायला कोणी नसलं की माणूस काय करेल याचा नेम नाही. कोणी टीव्हीवरच्या बातमीदाराशी भांडतो, कोणी दूध टाकायला आलेल्या माणसाला दारातच धरून ठेवतो. एक्सरेकाकांनी घार धरली. म्हणजे हातात नव्हे. तेवढंच झालं असतं तर ही गोष्ट दोन ओळींत संपली असती आणि इमारतीची तातडीची बैठकही बोलवावी लागली नसती.

एक्सरेकाका हे नाव त्यांना इमारतीनं दिलेलं. इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत त्यांनी सगळी नोकरी लोकांच्या हाडांचे फोटो काढण्यात घालवली. श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका, सोडा. दिवसभर ते एवढंच बोलायचे आणि घरी आल्यावर त्याहून कमी. एकदा नेमका मधेच फोन वाजला आणि ते ‘सोडा’ म्हणायचं विसरले. समोर उभा असलेला कारकून इतका आज्ञाधारक निघाला, की काका फोनवर बोलून परत येईपर्यंत तो छाती टेकून, गाल फुगवून तसाच उभा होता. हा किस्सा काकू आल्यागेल्याला सांगायच्या, आणि दर वेळी कारकुनाचा चेहरा आणखी थोडा निळा करायच्या. काकांना तो किस्सा मुळीच आवडत नसे. आता तो सांगायला घरात कोणी नव्हतं, तर त्यांना तो रोज आठवायचा.

काकू लेकीकडे गेल्या होत्या. लेक दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर. तिला मूल झालं, काकू ‘बाळाचं जरा मार्गी लागेपर्यंत’ म्हणून गेल्या, आणि बाळ काही मार्गी लागेना. काकाही एकदा जाऊन आले होते. पण लेकीचं घर लहान. काका बाहेरच्या खोलीत झोपायचे, म्हणून जावई बिचारा पाण्याचा ग्लास घ्यायलासुद्धा चवड्यांवर चालत जायचा. इतक्या अदबीनं कोणी वागवायला लागलं की माणसाला आपण पाहुणे आहोत हे विसरताच येत नाही. आठवडा संपायच्या आत काका ‘नळाचं काम निघालंय’ असं सांगून परत आले. नळ ठणठणीत होता.

मग लेकीची निम्मी रजा सरली आणि काकूंनी फोनवर विचारलं, “ही म्हणतेय वर्षभर राहा. राहू का? चालेल ना तुम्हाला?”

“राहा की,” काका म्हणाले. “मला काय धाड भरलीय?”

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की ‘चालेल ना’ हा प्रश्न होता. त्याला ‘नाही’ असंही उत्तर असू शकतं. पण बाण सुटला होता. परत फोन करून ‘नाही चालणार’ म्हणायचं, तर कारण सांगावं लागणार. आणि कारण काय सांगायचं? भात करपतो हे? एका माणसाचा चहा कधीच एका माणसापुरता होत नाही, उरतोच, हे? काकू अजून लेकीला पक्कं हो म्हणाल्या नव्हत्या. रजा संपेपर्यंत काय ते ठरवू, असं चाललं होतं. म्हणजे तेवढे दिवस हातात होते, आणि काकांकडे तोंड होतं, फक्त त्यातून तो शब्द निघत नव्हता.

रोज संध्याकाळी काकूंचा फोन यायचा. जेवलात? जेवलो. गॅस बंद केलात? केला. आणखी काय? आणखी काही नाही. एवढ्यात तिकडे बाळ रडायचं आणि फोन बंद व्हायचा. बाळाची वेळ इतकी अचूक असायची, की काकांना कधी कधी त्या नातवाचा संशय यायचा.

अशात एक दिवस सकाळी, ते स्वयंपाकघराच्या गॅलरीत उरलेला चहा पीत उभे असताना, समोरच्या नीलगिरीवर एक घार चोचीत काटकी घेऊन आली. पाठोपाठ दुसरी आली. दुसरीच्या पायात पांढरी प्लास्टिकची पिशवी होती. पहिलीनं ती पिशवी बघितली, काटकी खाली ठेवली आणि पिशवी दुसऱ्या बाजूला सरकवली. दुसरीनं ती पुन्हा होती तिथे आणली. काकांना हा प्रकार ओळखीचा वाटला. सोफा घेतला तेव्हा त्यांच्याकडे असंच झालं होतं.

संध्याकाळी ‘आणखी काय’ विचारल्यावर त्यांनी सहज सांगितलं, की घारी घर बांधतायत आणि पिशवी कुठे ठेवायची यावरून वाजलंय.

“मग?” काकू म्हणाल्या.

मग! हा शब्द काकांनी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. त्यांनी पिशवीचं सविस्तर सांगितलं. तिकडे बाळ रडलं, तर काकूंनी चक्क ‘घे गं जरा याला’ म्हणून त्याला लेकीकडे दिलं आणि विचारलं, जिंकलं कोण. काकांनी फोन ठेवला तेव्हा त्यांना भूक लागली होती. खूप दिवसांनी त्यांनी भात न करपवता केला.

आता रोज ‘मग’ ऐकायचं तर रोज बातमी हवी. नुसत्या डोळ्यांनी लांबचं दिसेना. म्हणून ते कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाला पासपोर्टचे फोटो काढून काढून आयुष्याला कंटाळलेला. त्यानं कपाटावरून एक जुना कॅमेरा काढला, त्याला हाताएवढी लांब लेन्स बसवली, आणि सांगितलं, की याने चंद्रावरचे खड्डे मोजता येतात. काकांनी खड्डे मोजायचे नसल्याचं स्पष्ट केलं. शिवाय, आपण या क्षेत्रात अगदीच नवखे नाही, हेही त्याला ऐकवलं. त्यानं कशाचे फोटो काढायचात असं विचारल्यावर मात्र ते ‘बरगड्यांचे’ एवढंच पुटपुटले आणि बाहेर पडले.

पहिल्या दिवशी त्यांनी पुष्कळ फोटो काढले. सगळ्या फोटोंत मधोमध एक तपकिरी ढग होता, ती घार. आणि त्या ढगाच्या मागे, सोसायटीच्याच समोरच्या इमारतीतल्या गणिताच्या बाईंचं स्वयंपाकघर असं स्वच्छ आलं होतं, की डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येत होत्या. कॅमेरा आपला आपण काय स्पष्ट काढायचं ते ठरवतो, हे स्टुडिओवाल्यानं सांगितलं नव्हतं, आणि या कॅमेऱ्याला पक्ष्यांपेक्षा डब्यांत जास्त रस होता.

बाईंना रस होता तो वेगळ्याच गोष्टीत. बायको गावाला गेलेला एक गृहस्थ दिवसभर गॅलरीत बसून आपल्या खिडकीवर तोफ रोखतो म्हणजे काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. तो त्यांनी सेक्रेटरींना विचारला आणि सेक्रेटरींनी तातडीची बैठक बोलावली. बैठकीत काकांनी बाणेदारपणे सांगितलं, की माझं लक्ष फक्त घरट्याकडे आहे, हवं तर फोटो बघा. तो कॅमेरा सगळ्यांच्या हातातून फिरला.  शेवटी वरच्या मजल्यावरचे विमावाले म्हणाले, की बाईंची साखर संपत आलेली दिसतेय. काका त्या दिवशी मान खाली घालून घरी आले. संध्याकाळी काकूंना त्यांनी बैठकीतलं काही सांगितलं नाही, घार अंड्यांवर बसली एवढंच सांगितलं.

गॅलरी बंद, तर उरली गच्ची. घरटं गच्चीच्या कठड्यापेक्षा थोडं खाली होतं, म्हणजे जागा नामी. पण गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी नियमाला घाबरणारे. अंडी घातलेल्या पक्ष्याचा फोटो काढायला परवानगी लागत असेल तर? उद्या आपल्यावर शेकलं तर? वरून लिहून आणा, म्हणाले.

वर म्हणजे कुठे हे कोणालाच माहीत नव्हतं. काका आधी वनखात्यात गेले. तिथल्या साहेबांनी विचारलं, झाड जंगलात आहे का. नाही म्हटल्यावर ते म्हणाले, पक्षी आमचा, पण झाड उद्यान विभागाचं. उद्यान विभागातल्या बाई म्हणाल्या, झाड आमचं, पण वरचं घरटं आम्ही लावलेलं नाही. घरटं काटक्यांचं आहे का, त्यांनी विचारलं. काटक्या आहेत, पिशवी आहे, एक झाडूही असावा, असं काकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग तो विषय कचऱ्याचा झाला आणि त्यांना तिसऱ्या खिडकीवर पाठवलं. तिसऱ्या खिडकीवरच्या माणसाला वाटलं, काका घरटं काढून टाका म्हणून तक्रार घेऊन आलेत. त्यानं तत्परतेनं माणसं पाठवतो म्हटलं. इतकी तत्परता त्या कचेरीनं यापूर्वी कधी दाखवली नसेल. ती परतवून लावण्यात काकांची दुपार गेली. शेवटी ते पुन्हा वनखात्यात गेले, तेव्हा साहेब घरी निघाले होते. जिना उतरता उतरता ते म्हणाले, “लांबून काढा, हात लावू नका, त्रास देऊ नका. एवढं केलंत तर तुम्हाला कोण विचारतंय?”

हे त्यांनी लिहून काही दिलं नाही. पण सेक्रेटरींनाही तोवर कंटाळा आला होता. त्यांनी किल्ली दिली.

आता इथे काकांकडून जी चूक झाली ती एक्सरे काढणाऱ्या माणसाकडूनच होऊ शकते. पेशंटला नीट बसवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, ही हाडीमाशी खिळलेली सवय. खांदा जरा पुढे, हनुवटी वर, हं. गच्चीवरून पाहिलं तर घरट्याच्या बरोबर समोर एक फांदी आडवी येत होती. साहेबांनी घरट्याला हात लावू नका म्हटलं होतं, फांदीचं काही म्हटलं नव्हतं. काकांनी जाळी काढायचा लांब बांबू आणला, कठड्यावरून वाकले आणि फांदी हलकेच बाजूला ढकलली. वर ‘जरासंच हं, झालंच’ असंही म्हणाले.

घार कुठून आली ते त्यांना कळलंच नाही. डोक्यावर फाडकन काहीतरी बसलं, टोपी गेली, आणि काका बांबूसकट खाली बसले. टक्कल असलेल्या माणसाला अशा वेळी काही आधारच नसतो. ओरखडा फार खोल नव्हता, पण अपमान बराच आत गेला. ज्यांच्या एका शब्दावर मोठमोठे साहेब श्वास रोखून उभे राहिले, त्यांना एका पक्ष्यानं चार पायांवर जिन्यापर्यंत पळवलं होतं.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण घारीनं काकांचं तोंड लक्षात ठेवलं. गच्चीवर सेक्रेटरी गेले, टाकी बघणारा गेला, विमावाले मुद्दाम प्रयोग म्हणून जाऊन आले, घार ढिम्म. काका जिन्याच्या दारातून नुसते डोकावले की आलीच. पुढे पुढे तर ते खाली ब्रेड आणायला निघाले तरी ती नीलगिरीवरून सुटायची आणि कोपऱ्यापर्यंत सोबत यायची. लोक हसायला लागले. काका छत्री उघडून चालायला लागले, तेही कडक उन्हात, आणि कोणी विचारलं तर ‘ऊन सोसत नाही’ म्हणायचे.

सल्ल्यांना काही तोटा नव्हता. सेक्रेटरी म्हणाले हेल्मेट घाला. काकांनी हेल्मेट घातलं, तर डोळा कॅमेऱ्यापर्यंत पोचेना. विमावाले म्हणाले, डोक्याच्या मागे मुखवटा लावा, पक्षी पाठीवरून येतो, त्याला वाटेल तुम्ही बघताय. तो मुखवटा फाटकाशी बघून गणिताच्या बाई किंचाळल्या, आणि प्रकरण पुन्हा बैठकीपर्यंत जाता जाता राहिलं. शेवटी काकांनी निवृत्तीच्या दिवशी आठवण म्हणून मिळालेला, एक्सरेचे किरण अडवणारा शिशाचा एप्रन काढला आणि डोक्यावरून पांघरला. घारीचं त्यापुढे काही चाललं नाही, हे खरं. पण तो इतका जड होता, की त्याखाली काकांचंही काही चाललं नाही.

या सगळ्यातलं काकांनी फोनवर किती सांगितलं? निम्मं. पळाल्याचं गाळलं, छत्रीचं गाळलं. घार हुशार आहे, मला ओळखते, एवढं अभिमानानं सांगितलं. काकू म्हणाल्या, “कोणीतरी ओळखतंय तिथे हे बरं आहे.” त्या सहज म्हणाल्या असतील. पण काकांना ते रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा ऐकू आलं. इमारतीत त्यांना सगळे ओळखत होते. पण ते घराबाहेर पडले आणि घरात आले, याची दखल घेणारी सध्या एक घारच होती.

आणि मग पिल्लू आलं. घरट्यातून पांढुरकं, कापसासारखं डोकं वर आलेलं त्यांनी गॅलरीतून, बाईंकडे पाठ होईल अशा बेतानं, वाकडं होऊन पाहिलं. फोनवर काकू एवढ्या आनंदल्या, की म्हणाल्या, मला फोटो पाठवा, याचा फोटो मला हवाच. त्यांनी काकांकडे काही मागून किती दिवस झाले होते. लेकीच्या रजेचेही आता मोजकेच आठवडे उरले होते. काकांच्या डोक्यात एक हिशेब तयार झाला: पिल्लाचा चांगला फोटो गेला, तर काकूंना ते उडताना बघावंसं वाटेल. बघावंसं वाटलं तर त्या येतील. म्हणजे ‘ये’ असं तोंडानं म्हणायची गरजच पडणार नाही.

पण गच्चीवर जायचं कसं? घार काकांना ओळखते. याचा अर्थ, गच्चीवर काकांनी जाता कामा नये.

कपाटात काकूंचा मरून रंगाचा गाऊन टांगलेला होता. घरी घालायचा, जुना, कोपराला विरलेला, म्हणून त्या बरोबर घेऊन गेल्या नव्हत्या. काकांनी दाराला आतून कडी लावली, कडी लागली का ते दोनदा पाहिलं, खिडकीचा पडदा ओढला, आणि गाऊन डोक्यातून घातला. डोक्याला काकूंचाच रुमाल बांधला, कपाळ झाकेल असा. गाऊनला खिसा होता. खिशात एक केसांची पिन आणि औषधाच्या गोळीचा रिकामा कागद निघाला. काकांनी ते दोन्ही परत खिशातच ठेवलं.

मग ते आरशासमोर वळले, आणि वळता वळता आरशात त्यांना मरून गाऊनची पाठ दिसली. अर्धा क्षण त्यांना वाटलं, ही कधी आली? विचारणारही होते. घरात ती पाठ दिसून इतके दिवस झाले होते, की ती आपलीच आहे हे लक्षात यायला वेळ लागला. काका पलंगाच्या कडेवर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

गच्चीवर घारीनं मरून गाऊनकडे एकदा मान वळवून पाहिलं आणि परत पिल्लाकडे पाहिलं. झालं. काका कठड्याशी बसले. घार चोचीनं एक एक तुकडा तोडून पिल्लाला भरवत होती, नर पलीकडच्या विजेच्या खांबावर पाठ करून बसला होता. काका सवयीनं पुटपुटले, श्वास रोखा, हलू नका. घार हलली नाही. फोटो असा आला, की पिल्लाच्या डोळ्यातला थेंबाएवढा प्रकाशही दिसावा. मागे डबे नव्हते.

काकूंनी तो फोटो लेकीला दाखवला, जावयाला दाखवला, खालच्या दुकानदाराला दाखवला. संध्याकाळी विचारलं, बाप कुठंय? काका म्हणाले, तो शिकार आणून देतो आणि लांब जाऊन पाठ करून बसतो. काही बोलत नाही. यावर काकू ‘असतात असे’ म्हणाल्या आणि मग गॅस बंद केला का ते विचारलं. ‘बघायला येते’ मात्र म्हणाल्या नाहीत.

म्हणून मग गाऊन रोजचा झाला. रोज सकाळी काका मरून गाऊन घालून, जिन्यात कोणी नाही ना ते बघून वर जायचे आणि नवा फोटो पाठवायचे. पिल्लाला पिसं फुटली, ते घरट्याच्या काठावर पंख झाडायला लागलं. काका दर वेळी शेवटी म्हणायचे, आता उडेल हं, एवढ्यात उडेल. आणि काकू म्हणायच्या, हो का.

एक दिवस सकाळी ते गच्चीवर असतानाच खिशात फोन वाजला. काकू या वेळी कधी फोन करत नसत. 

“मी परत आले का हो?” काकूंनी विचारलं.

“काय?”

“गणिताच्या बाईंचा फोन होता. रागावल्यात. म्हणाल्या, परत आलात, रोज गच्चीवर दिसता, मी हाक मारते तर मान खाली घालून निघून जाता. एवढं काय बिघडलं आपलं? मी म्हटलं, मी इथे लेकीकडे आहे.  तर म्हणाल्या, अगं बाई, मग तुमचा मरून गाऊन घालून तुमच्या घरातून जी वर जाते ती कोण?”

काकांनी समोर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या खिडकीत गणिताच्या बाई उभ्या होत्या आणि सरळ त्यांच्याकडे बघत होत्या.

“कोण आहे ती?” काकूंचा आवाज बारीक झाला होता.

इज्जत वाचवायला काही सुचतं का हे काकांनी मनात भराभर चाचपून पाहिलं. कुठलंही उत्तर दिलं तरी जी इज्जत उरत होती ती काही फारशी वाचवण्याजोगी नव्हती.

“मीच,” ते म्हणाले.

“तुम्ही काय?”

“मीच आहे ती. घार मला मारते. तुला काही करत नाही.”

 मग काकू हसायला लागल्या. त्या अशा हसल्या, की बाळ जागं होऊन रडायला लागलं, लेक ‘आई, काय झालं’ म्हणून धावत आली, आणि तिला सांगता सांगता त्या पुन्हा हसल्या. काका गच्चीवर फोन कानाला लावून उभे होते. त्यांना अपमान वाटायला हवा होता. पण ते नुसते ऐकत राहिले, आणि ते हसणं बंद होऊ नये असं त्यांना वाटत होतं. शेवटी लेकीनं हसत हसत फोन घेतला, ‘बाबा, कमाल आहे तुमची’ म्हणाली, आणि बाळाला घ्यायचंय म्हणून ठेवला.

इमारतीत जे व्हायचं ते झालं. गणिताच्या बाईंनी काकांना जिन्यात गाठून सांगितलं, की गैरसमज झाला, तुम्ही गॅलरीतूनच काढा फोटो, मी पडदा लावून घेईन. विमावाले मात्र त्यांना ‘वहिनी’ म्हणायला लागले, आणि अजून म्हणतात.

पिल्लू उडालं ते काका चहा करत असताना. गॅलरीत येऊन बघतात तर घरटं रिकामं, आणि पिल्लू पलीकडच्या खांबावर, बापाच्या शेजारी, आपण काय करून बसलो अशा तोंडानं. इतके दिवस ज्या क्षणाची वाट पाहिली तो दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसकडे बघताना निघून गेला होता.

काका गच्चीवर गेले. गाऊन न घालता, टोपी न घालता, स्वतःच्या शर्टात. कठड्याशी जाऊन उभे राहिले. घार नीलगिरीवर होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं. काकांनी मान जरा पुढे केली, म्हणजे टक्कल नीट दिसावं. घारीनं मान वळवली आणि पंख साफ करायला घेतले. तिच्याकडे आता राखण्यासारखं काही उरलं नव्हतं. काका पुष्कळ वेळ तिथे उभे राहिले, पण ती काही आली नाही. खाली ब्रेड आणायला गेले, छत्री न घेता, मुद्दाम सावकाश. कोपऱ्यापर्यंत त्यांच्याबरोबर कोणी आलं नाही.

संध्याकाळ झाली तशी त्यांना घरात थंडी वाटायला लागली. थंडी नव्हती. त्यांनी कपाट उघडलं आणि मरून गाऊन घातला. आता फोटो काढायचा नव्हता, घारीला फसवायचं नव्हतं. तरी घातला, आणि तसेच खुर्चीत बसून राहिले. दिवा लावायचाही राहिला.

फोन आला. जेवलात? नाही. का? भूक नव्हती. मग काकूंनी विचारलं, आणखी काय?

“पिल्लू उडालं,” काका म्हणाले.

“अगं बाई. मग?”

त्यांनी उत्तर शोधलं. घरट्याचं सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. उद्याही उरणार नव्हतं, परवाही नाही. लेक सोमवारी कामावर जाणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मग काही नाही,” ते म्हणाले. “संपलं. आता मला रोज सांगायला काही नाही. मला नाही चालत गं. तेव्हा चालेल म्हटलं ते चुकून म्हटलं. तू ये.”

 पलीकडे बाळसुद्धा रडेना, नेमकं आजच. काका फोन कानाला दाबून बसले.

“एवढं म्हणायला घार लागली तुम्हाला,” काकू शेवटी म्हणाल्या.  “मी गेले किती दिवस वाट बघतेय. रोज विचारते, आणखी काय, आणखी काय. तुम्ही आपले पिसं सांगताय.” मग म्हणाल्या, “अहो, ऐकताय ना?”

काका ऐकत होते. श्वास रोखून.

“श्वास सोडा आधी,” काकू म्हणाल्या. “इथपर्यंत कळतंय मला.”

काकांनी सोडला. तो बराच वेळ बाहेर येत राहिला.

“हिची सोय होईल, हिच्या सासूबाई यायला तयार आहेत, मीच त्यांना थांबवलं होतं,” काकू म्हणाल्या, आणि मग एकदम, “दिवा लावलाय का घरात?”

“नाही.”

“गाऊन घातलाय?”

काकांनी मांडीवरच्या विरलेल्या कापडावरून हात फिरवला. “हो,” ते म्हणाले.

“काढा तो,” काकू म्हणाल्या. “काढा, धुवा आणि वाळत घाला. रविवारी सकाळी मला लागेल.”